शरीराचा हक्क आणि पायी चालणे

‘आम्ही पाच वेळा नमाज अदा करतो. उभे राहणे, वाकणे, सजदा करणे, पुन्हा उठणे, हे सर्व त्यात आले. मग वेगळा व्यायाम करण्याची गरजच काय?’ हा प्रश्न आपल्या घरांतून, मस्जिदीच्या पायऱ्यांवरून आणि दवाखान्यांतूनही वारंवार ऐकू येतो. प्रश्न विचारणारा प्रामाणिक असतो. त्याच्या मनात नमाजविषयी आदर असतो, आणि नमाजनंतर आणखी काही लागते असे म्हटले तर नमाजमध्ये काही उणीव दाखविल्यासारखे होईल, अशी त्याला भीती वाटते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट, सावकाश आणि धर्माच्या चौकटीत राहूनच दिले पाहिजे.

प्रथम शरीराचे आपल्या धर्मात स्थान काय, ते पाहू. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी दररोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत पोहोचली, तेव्हा त्यांनी या अतिरेकाची प्रशंसा केली नाही. रोजे ठेवावेत आणि सोडावेतही, रात्री उभे राहावे आणि झोपावेही, असे सांगून त्यांनी फर्माविले की शरीराचा, डोळ्यांचा, पत्नीचा आणि भेटीस येणाऱ्या पाहुण्याचाही माणसावर हक्क असतो. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी हजरत अबू दरदा (रजि.) यांना हाच उपदेश केला, आणि सलमान यांचे म्हणणे खरे असल्याची ग्वाही प्रेषितांनी दिली. येथे ‘हक्क’ हा शब्द लक्षात घ्यावा. हक्क ही दुसऱ्याची वस्तू असते. ती दिली नाही तर केवळ नुकसान होत नाही, तर ती बुडविल्याची जबाबदारी येते. शरीर आपल्या मालकीचे नाही, ती अमानत आहे. उपासनेच्या ओढीनेसुद्धा तिचा हक्क बुडविण्याची परवानगी नसेल, तर आळसाने तो बुडविणाऱ्याचे काय?

बलवान श्रद्धावंत हा दुर्बल श्रद्धावंतापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय असतो, आणि भलाई दोघांमध्येही असते, या आशयाची हदीस मुस्लिम शरीफमध्ये आली आहे. व्यायामाविषयी बोलताना ती नेहमी सांगितली जाते, आणि कधी कधी अशा सुरात की जणू दंड फुगविणे हेच ईमानचे लक्षण! हा अर्थ बरोबर नाही. इमाम नववी यांच्यासारख्या भाष्यकारांनी येथील बळाचा अर्थ परलोकाच्या कार्यातील मनाचा निर्धार असा घेतला आहे. परंतु हा निर्धार अमलात आणायचा तर शरीरच लागते. आजाऱ्याच्या भेटीस जाणे, जनाजाला खांदा देणे, वृद्ध आईवडिलांना उचलून बसविणे, फज्रच्या थंडीत उठणे, ही कामे केवळ मनाच्या बळावर होत नाहीत. आणि हदीसचा दुसरा भागही विसरू नये. जो आजारी आहे, अपंग आहे, त्याच्यातही भलाई आहे. व्यायामाच्या गप्पांत त्याचा उपहास होता कामा नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नमाजमध्ये शरीराची हालचाल होते, सांधे वाकतात, पाठ आणि मांड्या ताणल्या जातात, यात शंका नाही. वयाच्या सत्तरीतही जमिनीवर बसून उठू शकणारे आपले वडीलधारे पाहिले म्हणजे आयुष्यभराच्या रुकू-सजद्यांचे मोल कळते. पण हृदय व फुप्फुसे यांना ज्या प्रमाणात श्रम हवा असतो, तो नमाजमध्ये होत नाही, आणि होऊही नये. नमाजमध्ये ठहराव अपेक्षित आहे. प्रत्येक स्थितीत शरीर स्थिर झाले पाहिजे, अशी ताकीद आहे. घाईघाईने नमाज पढणाऱ्या एका व्यक्तीस प्रेषितांनी पुन्हा नमाज अदा करण्यास सांगितले होते. श्वास वाढेल अशा गतीने केलेली नमाज ही नमाजच बिघडविते. ‘नमाज हा सर्वोत्तम व्यायाम आहे’ असे जे उत्साहाने सांगितले जाते, ते मला पटत नाही. नमाज ही बंदगी आहे. तिच्यापासून शरीरास लाभ होतो तो अल्लाहची कृपा म्हणून. ती लाभासाठी अदा करू लागलो तर नियतच बदलेल. उलट दिशेने मात्र मार्ग मोकळा आहे. शरीराचा हक्क देण्याच्या नियतने केलेले चालणे मोबदल्यास पात्र ठरू शकते.

मग शरीराचा हा हक्क किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. तो अधिक जोमाचा असेल तर ७५ ते १५० मिनिटे पुरेत. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे श्रम करावेत. आठवड्यातील पाच दिवस प्रत्येकी अर्धा तास झपाझप चालले की १५० मिनिटे होतात. हा अर्धा तास सलग असला पाहिजे असेही नाही. पूर्वी किमान दहा मिनिटांचा टप्पा आवश्यक मानला जाई. २०२० मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. पाच मिनिटांचे चालणेही हिशेबात धरले जाते. ही सूट आपल्यासारख्यांसाठी फार मोलाची आहे, ते पुढे दिसेल.

मध्यम श्रम म्हणजे कोणता, हे ओळखण्यासाठी यंत्राची गरज नाही. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, अशी खूण वैद्यक सांगते. आपल्या घरांसाठी ती अशी सांगता येईल: ओठांवर लहान लहान जिक्र सहज चालू राहावा, परंतु एखादी लांब आयत एका दमात म्हणू गेल्यास श्वास अपुरा पडावा. भाजी निवडत, दुकानांच्या पाट्या वाचत केलेली फेरी या खुणेला उतरत नाही. तीही बसून राहण्यापेक्षा बरी, इतकेच.

दररोज दहा हजार पावले हा आकडा आज घराघरांत पोहोचला आहे. मोबाइलवर तो पूर्ण झाला नाही तर काही जण खट्टू होतात आणि काही जण तो अशक्य मानून चालणेच सोडून देतात. या आकड्याचा उगम कोणत्याही वैद्यकीय संशोधनात नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची आवड वाढली आणि १९६५ मध्ये तेथे पावले मोजण्याचे एक उपकरण विक्रीस आले. त्याच्या जपानी नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. जाहिरातीचा आकडा पुढे आरोग्याचा नियम होऊन बसला. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पावलांची मोजणी करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या गटापेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या गटात त्या काळातील मृत्यूंचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. हा लाभ सुमारे ७,५०० पावलांपर्यंत वाढत गेला आणि तेथे स्थिरावला. म्हणजे जी आजी आज दोन हजार पावले चालते, तिच्यासाठी चार हजार हा मोठा पल्ला आहे. दहा हजारांच्या दडपणाखाली तिने बिछाना धरावा, असे काही नाही.

बसून राहण्याचे नुकसान किती खोल असते, हे प्रथम लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी दाखवून दिले. जेरी मॉरिस या वैद्यकीय संशोधकाने बसचालक आणि वाहक यांची तुलना केली. पगार, वस्ती, आहार यांत दोघांत फार अंतर नव्हते. चालक दिवसभर आसनावर बसे, तर वाहक तिकिटे देत दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढे-उतरे. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाहकांना हृदयविकार कमी आणि उशिरा होत असल्याचे आढळले. आपल्या समाजातील कितीतरी पुरुष आज चालकाच्या आसनावर बसले आहेत, काही शब्दशः रिक्षा-टॅक्सीच्या आणि काही दुकानाच्या गल्ल्यावर. सकाळी नऊ ते रात्री दहा गल्ल्यावर बसणारा व्यापारी दमतो खरा, पण तो शिणवटा चालण्याचा नसतो. ‘दिवसभर मरमर काम करतो’ आणि ‘शरीर हलवतो’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

आता मस्जिदीच्या वाटेकडे पाहू, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच आहे. मदीनेत बनू सलमा या कबिल्याची घरे मस्जिदे नबवीपासून दूर होती. मस्जिदीच्या आसपासची काही जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी तेथे राहण्यास यायचे ठरविले. प्रेषितांनी त्यांना आपल्याच घरांत राहण्यास सांगितले आणि त्यांच्या पाऊलखुणा नोंदविल्या जातात, असे आश्वासन दिले. हजरत उबई बिन कअब (रजि.) अशाच एका व्यक्तीविषयी निवेदन करतात. तिचे घर सर्वांत दूर होते, तरी तिची एकही नमाज चुकत नसे. अंधारात आणि उन्हात येण्यासाठी गाढव विकत घ्यावे, असे तिला कुणीतरी सुचविले. तिने उत्तर दिले की मस्जिदीकडे जाणे आणि घरच्यांकडे परत येणे, दोन्हीही आपल्या नावे लिहिले जावे अशी तिची इच्छा आहे. अल्लाहने ते सारे तिच्यासाठी एकत्र केले आहे, असे प्रेषितांनी फर्माविले. परतीचा प्रवासही त्यात आला, हे विशेष.

हे वाचून झाल्यावर आपली गल्ली आठवा. घर मस्जिदीपासून चारशे-पाचशे मीटरवर, आणि अजान होताच स्कूटर सुरू होते! मस्जिदीसमोर गाड्यांची इतकी दाटी होते की पायी येणाऱ्या वृद्धालाच वाट राहत नाही. हिशेब करून पाहा. घर अर्धा किलोमीटर दूर असेल तर एका नमाजसाठी जाऊन-येऊन एक किलोमीटर होते आणि साधारण बारा मिनिटे लागतात. पाच नमाजांचे पाच किलोमीटर आणि एक तास. नोकरी-धंद्यामुळे केवळ फज्र, मगरिब आणि इशा या तीन नमाजा मोहल्ल्यातील मस्जिदीत होत असतील, तरी दिवसाला ३६ मिनिटे आणि आठवड्याला २५२ मिनिटे भरतात. दीडशे मिनिटांचा हक्क सहज पूर्ण होऊन वर शिल्लक राहते. जुम्याच्या दिवशी लवकर, वाहनावर न बसता पायी जाण्याचे मोठे पुण्य हदीसमध्ये स्वतंत्रपणे सांगितले आहे.

येथे एक शंका निघेल. नमाजकडे शांततेने या, धावत येऊ नका, असा आदेश आहे. मग झपाझप कसे चालायचे? मनाई धावण्याची आणि घिसाडघाईची आहे. स्वतः प्रेषितांच्या चालण्याचे वर्णन हजरत अली (रजि.) यांनी केले आहे. ते पाऊल घट्ट उचलीत आणि जणू उतारावरून उतरत आहेत असे चालत. दिव्य कुरआनात ऐटीने, जमीन तुडवीत चालण्यास मनाई आहे आणि सूरह लुकमानमध्ये चालीत मध्यमपणा राखण्याचा उपदेश आहे. पाय ओढीत चालणे हे काही नम्रतेचे लक्षण नव्हे. जाताना श्वास लागणार नाही इतक्या गतीने जावे, आणि परतताना हवा तेवढा वेग वाढवावा. प्रेषित दर शनिवारी मस्जिदे कुबा येथे जात, कधी पायी, कधी स्वारीवर. मस्जिदे नबवीपासून ते अंतर तीन किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. आठवड्यातून एकदा एखाद्या दूरच्या मस्जिदीत पायी जाऊन दोन रकअत अदा करण्याची सवय आपल्यालाही लावून घेता येईल. सोबत मुलगा असेल तर वाटेत त्याच्याशी जे बोलणे होते, ते घरात होत नाही.

हे सारे पुरुषांसाठी झाले, असे आपल्या भगिनी म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल गरजेपेक्षा कमी आहे. त्यात पुरुष सुमारे ४२ टक्के, तर स्त्रिया सुमारे ५७ टक्के आहेत. आपल्या घरांतील चित्र यापेक्षा चांगले असेल असे मानण्यास मला आधार दिसत नाही. दोन खोल्यांचे घर, दाराशीच वाणी, फोनवर येणारी भाजी, आणि संध्याकाळी बाहेर पडायचे म्हटले तर ‘कशाला?’ असा प्रश्न. घरकामात कष्ट आहेत, परंतु त्यातील बरेचसे उभ्याउभ्याने होणारे आहे. त्याने कंबर दुखते, पण दम वाढत नाही. पर्दा हे न चालण्याचे कारण होऊ शकत नाही. हजरत अस्मा बिन्ते अबू बक्र (रजि.) या पतीच्या जमिनीवरून खजुराच्या बियांचा भार डोक्यावर घेऊन येत. ते अंतर दोन तृतीयांश फर्सख, म्हणजे आजच्या हिशेबाने साडेतीन किलोमीटरांच्या आसपास होते. आणि उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांच्यासह प्रेषितांनी धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्या वेळी हजरत आयशा जिंकल्या. पुढे त्यांचे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित जिंकले आणि मागच्या पराभवाची फेड झाल्याचे त्यांनी हसत सांगितले. अबू दाऊदमधील ही हदीस वाचून पतींनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: पत्नीसोबत शेवटचे पायी कधी निघालो होतो? फज्रनंतर किंवा इशानंतर दोघांनी मिळून वीस मिनिटे चालणे ही कोणत्याही मोहल्ल्यात अशक्य गोष्ट नाही. जेथे रस्ता सुरक्षित नाही तेथे गच्ची आहे, इमारतीचा जिना आहे, दोन-तीन शेजारणींची सोबत आहे. यासाठी वाट मोकळी करून देणे, म्हणजे तेवढा वेळ मुलांना सांभाळणे आणि चहाची वाट न पाहणे, हे पुरुषाचे काम आहे. घरी असताना प्रेषित घरच्यांच्या कामात मग्न असत, हे हजरत आयशा (रजि.) यांनीच सांगितले आहे.

स्नायूंच्या बळाविषयी थोडक्यात. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून शरीर मागे-पुढे ढकलणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढे घरी पुरे आहे. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सरावही आठवड्यातून तीन दिवस करावा, कारण त्या वयात पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे हे अनेकांच्या परावलंबनाची सुरुवात ठरते. मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटे खेळ हवा. तिरंदाजी करणाऱ्या असलम कबिल्याच्या लोकांना प्रेषितांनी उत्तेजन दिले आणि ईदच्या दिवशी मस्जिदीत हबशी लोकांचा भाल्यांचा खेळ चालू दिला. शाळा, शिकवणी आणि मकतब या तिन्ही ठिकाणी बसूनच असलेल्या मुलाला खेळण्यावरून रागावण्यापूर्वी हे आठवावे.

मधुमेहाचा उल्लेख केल्याविना हा विषय पुरा होत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या त्याहूनही मोठी आहे. अशा व्यक्तींसाठी केव्हा चालावे हेही महत्त्वाचे आहे. दिवसातून एकदाच तीस मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालल्यास जेवणानंतरची साखर अधिक आटोक्यात राहते, असे एका अभ्यासात दिसून आले. सर्वाधिक फरक रात्रीच्या जेवणानंतर पडला. दावतीतील बिर्यानीनंतर गालिच्यावर आडवे होण्याची जी आपली पद्धत आहे, तिच्याविषयी वेगळे काय लिहावे! इशापूर्वी जेवून पायी मस्जिदीत जाणाऱ्याला ही दहा मिनिटे आपोआप मिळतात.

मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी होते, जखम कळत नाही आणि चिघळते. वुजू करताना पाय धुणे फर्ज आहे आणि बोटांच्या बेचक्यांत बोट फिरविणे सुन्नत आहे. त्याच वेळी भेगा, फोड, लाली यांकडे नजर टाकावी. पाय कोरडे करताना बेचक्यांत ओल राहू देऊ नये. रमजानमध्ये इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी असरनंतर, रोजाच्या शेवटच्या तासांत जोराने चालू नये. त्या वेळी साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. इफ्तारनंतर चालावे आणि तरावीहचे श्रमही हिशेबात धरावेत. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर असे काही जाणवले तर थांबून लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. ‘चालून जिरेल’ असे म्हणू नये.

थोडके पण नित्य असलेले कर्म अल्लाहला सर्वाधिक प्रिय आहे, या अर्थाच्या हदीसमध्ये व्यायामाची संपूर्ण रीत आली आहे. सुट्टीच्या दिवशी आवेशाने दोन तास चालून पुढील आठवडा गुडघे शेकत बसणाऱ्यांना आपण सारेच ओळखतो.

ज्या घरांत यंदा किंवा पुढच्या वर्षी हजची नियत आहे, त्यांच्यासाठी तर हा विषय टाळता येण्यासारखा नाही. आयुष्यभराची बचत करून साठीनंतर निघालेला माणूस तवाफच्या तिसऱ्या फेरीत बसकण मारतो, हे दृश्य हाजींकडून दर वर्षी ऐकावयास मिळते. सफा आणि मरवा यांमधील सात फेऱ्यांचेच अंतर सुमारे तीन किलोमीटर होते. तवाफ, मिनातील तंबूपासून जमरातपर्यंतचे जाणे-येणे, मुजदलिफाहून परतणे हे त्याखेरीज. वर उष्णता. २०२४ च्या हजमध्ये मक्केचे तापमान ५० अंशांच्या वर गेले होते. पैशांची आणि कागदपत्रांची तयारी वर्षभर चालते. पायांची तयारी विमानतळावर सुरू होते! निघण्यापूर्वी किमान तीन महिने आधी, प्रकृतीची तपासणी करून, रोज पंधरा मिनिटांनी आरंभ करावा आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. बारा आठवड्यांत सत्तर मिनिटांपर्यंत मजल जाते. पती-पत्नी दोघांनी एकत्र चालावे, म्हणजे तेथे एकाच्या गतीने दुसऱ्याला चालता येईल. शेवटचा महिना ज्या चपला एहराममध्ये घालायच्या आहेत त्याच घालून चालावे. नव्या चपलांनी आलेले फोड पहिल्याच उमऱ्यात फुटतात आणि पुढचे दिवस मलमपट्टीत जातात.